होम लॅब, सांगली, नोंद ७ : ३०० सेकंदांनंतरचा पूर

मांडणी: जुना २४ पोर्टचा सिस्को स्विच, एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) पाठवणारा, दुसरा नुसता ऐकणारा, तिसऱ्या पोर्टवर टीसीपीडंप (येणारी वाहतूक दाखवणारा प्रोग्राम) लावलेला लॅपटॉप.

कोणता मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) कोणत्या पोर्टवर आहे, हे स्विच मॅक टेबलमध्ये नोंदवतो. ताजी न झालेली नोंद किती वेळाने पुसायची, तो एजिंग टाइम मुळात ३०० सेकंद असतो. नोंद ताजी होते ती त्या पत्त्यावरून फ्रेम (डेटाचं पाकीट) आली तरच. त्या पत्त्याकडे कितीही फ्रेम गेल्या तरी उपयोग नाही, आणि बरेच जण इथेच फसतात. नोंद गेली की त्या पत्त्याकडच्या फ्रेम व्हीलॅनच्या (पोर्टांच्या एका गटाच्या) बाकी सगळ्या पोर्टांवर जातात, हाच पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराच्या पाण्याची पातळी बघतात, तसे इथे बाकीच्या पोर्टांचे दिवे बघायचे.

पहिल्यांदा यूडीपी (पोहोच न मागणारा) प्रवाह २० मिनिटं चालवला, पूर आलाच नाही. पाठवणाऱ्या लिनक्सची एआरपी नोंद (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता, ही नोंद) साधारण अर्ध्या मिनिटात शिळी होते. मग तो थेट ऐकणाऱ्यालाच विचारतो, आणि त्या एका उत्तराने स्विचची नोंद पुन्हा ताजी होते. म्हणून पाठवणाऱ्यावर एआरपी नोंद कायमची केली. ऐकणाऱ्यावर स्वतःहून फ्रेम पाठवणाऱ्या गोष्टी, म्हणजे अवाही, एनटीपी, आयपीव्ही६, बंद केल्या. तिथे यूडीपी पोर्ट उघडा हवाच. नाहीतर 'पोर्ट अनरीचेबल' असं आयसीएमपी (त्रुटी कळवणारं) उत्तर जातं आणि प्रयोग पुन्हा फसतो. एवढं केल्यावर पाच मिनिटं उलटली आणि लॅपटॉपवर परका प्रवाह दिसू लागला.

खऱ्या नेटवर्कात हीच गत राउटरमुळे होते. सिस्कोवर मुळात एआरपी नोंद ४ तास टिकते, मॅक नोंद ५ मिनिटं. आम्ही राउटरचा एआरपी टाइमआउट २७० सेकंदांवर आणला, म्हणजे मॅक नोंद जाण्याआधीच तो पुन्हा विचारतो. उलट बाजूने एजिंग १४४०० करता येतं, पण ते पटत नाही: साध्या स्विचमागचं यंत्र दुसरीकडे हलवलं, तर मुख्य स्विचची लिंक पडत नाही आणि ते यंत्र स्वतः बोलेपर्यंत त्याच्या फ्रेम जुन्याच पोर्टवर जातात. एजिंग ० म्हणजे नोंद कधीच जात नाही, ते नकोच.

लाइट गेली-आली की यूपीएस नसलेल्या पीसींच्या लिंक पडतात. जुन्या एसटीपीत (स्विचांच्या जोडणीत फ्रेम गोल फिरू न देणाऱ्या पद्धतीत) असा प्रत्येक बदल एजिंग काही काळ १५ सेकंदांवर आणतो. पीसी जोडलेल्या टोकाच्या पोर्टांवर पोर्टफास्ट ही सेटिंग लावली की हा त्रास थांबतो.

पुढची पाळी लिनक्स ब्रिजची (लिनक्समधल्या सॉफ्टवेअर स्विचची). सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग फाइलरूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) एजिंग टाइमच्या फाइलमध्ये आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो, म्हणून तिथे ३०००० दिसतं. ३०० लिहिलंत तर नोंदी ३ सेकंदांत उडतील.