शब्दयादी कशात ठेवायची: गिट, फॉसिल की जेजे?

हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामच्या मराठी शब्दयादीचं काम चालूच आहे. या खेपेला शब्द फारसे वाढले नाहीत, सगळा वेळ यादी ठेवायची कशात यात गेला. तीच यादी गिट, फॉसिल आणि जेजे, म्हणजे जुजुत्सु, या फाइलींमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या तिन्ही प्रोग्राममध्ये घालून पाहिली.

गिटमध्ये फाइलचं नाव देवनागरीत असलं की स्टेटसमध्ये (बदललेल्या फाइलींच्या यादीत) ‘क’च्या जागी \३४०\२४४\२२५ असला मंत्र दिसतो. कोअर.कोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की नाव नीट वाचता येतं. हे मुळातच तसं का नाही, देव जाणे.

खरी डोकेदुखी डिक फाइलच्या, म्हणजे हनस्पेलच्या शब्दयादीच्या फाइलच्या, पहिल्या ओळीची. तिथे एकूण शब्दांचा आकडा असतो. मी ‘क’चे शब्द घातले, मित्राने दुसऱ्या ब्रँचवर (यादीच्या वेगळ्या शाखेत) ‘प’चे, तरी मर्ज करताना, म्हणजे दोन्ही एकत्र करताना, त्या एका ओळीवर भांडण ठरलेलं. गिट अॅट्रिब्यूट्स या सेटिंगच्या फाइलमध्ये युनियन मर्ज (दोन्हीकडच्या ओळी ठेवणारं) लावलं तर दोन्हीकडचे शब्द गुण्यागोविंदाने येतात, पण आकडेही दोन्ही येतात आणि हनस्पेल दुसऱ्या आकड्याला शब्दच समजतं! म्हणून आकडा यादीतूनच हाकलला. आता बिल्ड करताना स्क्रिप्ट ओळी मोजून तो वर चिकटवते. शिवाय कमिटआधी (बदल नोंदवण्याआधी) एलसी_ऑल=सी लावून, म्हणजे भाषेचे नियम सोडून निव्वळ अक्षरांच्या कोडच्या क्रमाने, सॉर्ट, नाहीतर प्रत्येकाच्या मशीनवर क्रम वेगळा लागतो आणि डिफमध्ये (जुन्या-नव्याच्या तुलनेत) अख्खी यादी लाल-हिरवी होते. या क्रमात ‘ळ’ वर्णमालेतल्यासारखा ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या पाठोपाठ येतो, पण हनस्पेलला त्याचं सोयरसुतक नाही.

फॉसिल मला मनापासून आवडलं. एसक्यूलाइट हा डेटाबेस बनवणाऱ्या रिचर्ड हिप यांचंच हे काम. सगळा रेपो (फाइली आणि त्यांचा इतिहास) म्हणजे एक एसक्यूलाइट फाइल, पेनड्राइव्हवर टाकली की झालं. ‘फॉसिल यूआय’ म्हटलं की ब्राउझरमध्ये टाइमलाइन, तिकिटं (चुकांच्या नोंदी), विकी सगळं हजर. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या माणसालाही चुकीच्या शब्दाचं तिकीट टाकता येतं. रिबेस, म्हणजे जुने कमिट मागाहून बदलणं, मात्र नाही, आणि ते मुद्दामच ठेवलेलं नाही: घडलं ते तसंच राहणार. माझे ‘आणखी एक वेलांटी’ छापाचे कमिट बघता हे जरा जड जातं.

जेजे गिटच्याच रेपोवर बसतं, त्यामुळे मित्राला पत्ताही लागत नाही. स्टेजिंग (कमिटमध्ये काय जाणार ते आधी निवडणं) नाही, चालू काम हाच एक कमिट. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे मर्जमधलं भांडण, आला तरी काम अडत नाही, तो कमिटमध्येच राहतो, सवडीने सोडवा. चुकीचं मर्ज ‘जेजे अनडू’ने परत फिरवता येतं, गिटमध्ये तेच करायला बऱ्याचदा रिफ्लॉग (आधीच्या हालचालींची नोंदवही) धुंडाळावा लागतो.

तूर्त रेपो गिटचाच, माझ्या मशीनवर जेजे. फॉसिल ठेवलंय ते फक्त तिकिटांपुरतं. आता अफ फाइल (शब्दांच्या रूपांचे नियम असलेली) हातात घेतोय, सामान्यरूपांचे नियम अर्धवट पडलेत.