चाळिशीनंतर होम सायन्स, तेही आयोवात

मी पुन्हा कॉलेज शोधतेय म्हटल्यावर नागपूरहून मोठ्या जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "होम सायन्सच ना गं? मग ते तर तुझं इथेच झालंय की!" झालंय खरं. नागपूर विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी., त्यानंतर लग्न, मुलं, इकडे अमेरिकेत येणं आणि घरच्या घरी चालवलेलं पाळणाघर. आता मला इथल्या हायस्कुलात हाच विषय शिकवायचाय, आणि त्यासाठी आयोवा राज्याचं शिक्षकाचं लायसन्स लागतं.

इथे विषयाचं नाव फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस, बोलताना नुसतं एफसीएस. पोषण, बालविकास, शिवण आणि कापड, घराचं बजेट हे सगळं त्यात येतं. आमच्या अँकेनी गावापासून तासाभराच्याही आत असलेल्या एम्सला आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथे १८७० च्या दशकात मेरी वेल्च या बाई मुलींना गृहव्यवस्थापन शिकवत होत्या. महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ निघालं १९१६ साली, त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी. आजही या युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शनची, म्हणजे सर्वसामान्य लोकांसाठीच्या विभागाची, आन्सरलाइन नावाची फोनसेवा आहे. बरणीतलं लोणचं खराब झालंय का, फ्रीझरमधलं मटण किती दिवस चालेल, असलं काहीही विचारा, शांतपणे उत्तर देतात. इकडे आल्यावर सासूबाईंची उणीव मला बरीचशी त्यांनीच भासू दिली नाही.

पण जवळ आहे, जुनं आहे, म्हणून कॉलेज निवडायचं नसतं. आधी ठरवावं लागतं की शेवटी हातात काय हवंय. माझ्या डोक्यात सुरुवातीला डाएटिशियन होतं. चौकशी केली तर कळलं की १ जानेवारी २०२४ पासून रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसायलाच मास्टर्स लागतं, शिवाय किमान हजार तास देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम. दोन मुलं शाळेत असताना हे झेपणारं नव्हतं, मी नाद सोडला. शिकवण्याचं मात्र जमण्यासारखं होतं. एफसीएसच्या शिक्षकांची टंचाई बऱ्याच राज्यांत आहे.

मग सुरू झालं कागदांचं प्रकरण. आपली गुणपत्रिका इथे तशीच चालत नाही. मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून विषयवार तपासणी करून घ्यावी लागते, आणि आपल्या तीन वर्षांच्या पदवीला कुणी पूर्ण बॅचलर्स मानतं, कुणी तीन वर्षांचं शिक्षण. म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजलाच विचारावं की तुम्हाला कुठल्या संस्थेचा रिपोर्ट चालतो. माझ्या पदवीला बॅचलर्स धरलं नाही, पण झालेल्या विषयांची क्रेडिट्स (पदवीसाठी मोजले जाणारे अंक) मिळाली. टेक्स्टाइल्सच्या पेपरावर गाडी अडली होती, कारण जुना अभ्यासक्रम कुठेच मिळेना. शेवटी आईने माळ्यावरून माझी प्रॅक्टिकलची जर्नल काढली आणि भावाने तिच्या पानापानांचे फोटो पाठवले. खाकी कव्हर, टाचणीने लावलेले खादी, पॉपलिन, तलम मलमल यांचे तुकडे, शेजारी धागे जाळून बघितल्याच्या नोंदी: सुती धाग्याला कागद जळल्याचा वास, लोकरीला केस जळल्याचा. कॉलेजच्या सल्लागार बाईंनी एकेक फोटो मोठा करून बघितला, प्रत्येक नोंदीखालची मॅडमची लाल सही कुणाची तेही विचारलं, आणि तो पेपर मान्य झाला. जर्नली रद्दीत घालू नका, एवढंच सांगते.

राहिलेले सामान्य विषय मी डीमॅकमध्ये, म्हणजे आमच्या अँकेनीच्या कम्युनिटी कॉलेजात करतेय. तिथली फी बरीच कमी. फक्त कुठला विषय पुढे मोजला जाईल हे आधी लेखी घ्यायचं, आणि शेवटची तीसेक क्रेडिट्स युनिव्हर्सिटीतच करावी लागतात हे धरून चालायचं.

पैशांचं थोडक्यात. वय २४ च्या पुढे असेल किंवा लग्न झालेलं असेल, तर फाफसाच्या, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीच्या, अर्जात आईवडिलांचं उत्पन्न विचारत नाहीत. नवऱ्याचं मात्र विचारतात! एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण सरकारी मदत मिळत नाही. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबले ते यासाठीच. फोनवर गोड बोलून "आजच नाव नोंदवा" म्हणणारी कॉलेजं मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या मागे फार लागतात, त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं.

माझ्या मते आपल्यासारख्यांनी सगळ्यात आधी बघायचा तो शेवटचा सेमिस्टर. आयोवात स्टुडंट टीचिंग, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, सलग १४ आठवडे, पूर्ण वेळ, आणि त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. एकोणीस वर्षांच्या पोरीला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र त्या सव्वातीन महिन्यांत पाळणाघर बंद ठेवावं लागेल, मुलांना शाळेतून कोण आणणार हेही बघावं लागेल. शिवाय नेमणूक लांबच्या शाळेत झाली तर जानेवारीत आय-३५ हायवेवर वाऱ्याने बर्फ उडत असताना, पुढची गाडी दिसत नसताना, सकाळी सातला निघायचं. एका खासगी कॉलेजात मी हेच विचारलं, "माझ्याच भागातली शाळा मिळेल का?" तर उत्तर आलं, "वी विल फिगर इट आउट." म्हणजे बघू. माहितीपत्रकात संध्याकाळचे वर्ग, ऑनलाइन वर्ग, सगळं होतं, या चौदा आठवड्यांबद्दल एक ओळ नव्हती. ते कॉलेज मी तिथेच यादीतून काढलं.

पूर्ण ऑनलाइन हवं असेल तर ग्रेट प्लेन्स आयडिया नावाची बऱ्याच विद्यापीठांची आघाडी आहे, कॅन्सस स्टेट, नेब्रास्का वगैरे. पण तिथला भर पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर आहे. तुमची पदवी इथे पूर्ण बॅचलर्स धरली गेली, तर आधी तिथे चौकशी करा.

मी एम्सलाच अर्ज करतेय. स्टुडंट टीचिंग जानेवारीत सुरू होणाऱ्या स्प्रिंग सत्रात न घेता ऑगस्टच्या सत्रात घ्यायचं ठरवलंय, बर्फ पडायच्या आत बरेचसे आठवडे उरकतील. पाळणाघरातल्या मुलांच्या आयांना आत्तापासून सांगून ठेवलंय. त्यातल्या एकीने विचारलं, "मग परत कधी उघडणार?" तिला अजून सांगितलेलं नाही की बहुधा उघडणारच नाही.