जाम दरवाजा, जोंगा आणि न धरणारा हँडब्रेक

इंदूरहून महेश्वरला जायचे दोन रस्ते. मुंबई-आग्रा महामार्गाने मानपूर, धामनोद करत गेलं की गाडी सुसाट जाते. दुसरा रस्ता महूवरून विंध्याच्या कड्यापर्यंत आणि तिथून जाम घाटाने खाली नर्मदेकाठच्या निमाडात. आमच्याकडे जोंगा ही जुनी फौजी जीप असल्याने महामार्गाचा विचारही केला नाही. तिथे ट्रकवालेसुद्धा हॉर्न मारून हिला बाजूला व्हायला लावतात. घाटात मात्र हिला मान मिळतो.

जोंगा म्हणजे निसान पॅट्रोलची फौजी बहीण, १९६९ पासून जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेली. सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. मायलेज विचारू नये. आमची दादाने फौजेने मोडीत काढलेल्या गाड्यांच्या लिलावातून घेतली. फौजी गाडीच्या नंबराआधी वर तोंड केलेला बाण असतो आणि बाणानंतरचे दोन आकडे वर्षाचे. ती जुनी पाटी दादाने गॅरेजात लावून ठेवली आहे. रंग बदलावाच लागला, कारण फौजेव्यतिरिक्त कुणालाही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवायला मोटार वाहन नियमांत मनाई आहे. आता ती मातकट पिवळी आहे. आत्याला हा रंग अजिबात पसंत नाही.

तर आत्या, दादा आणि मी. आत्याला नर्मदेचं स्नान करायचं होतं, दादाला गाडी पळवायची होती आणि मला जाम दरवाजा पाहायचा होता. राजवाड्यापाशी पोहे-जिलबी झाली, वर जीरावन हा इंदुरी मसाला मारून, आणि निघालो. महूपर्यंत गर्दीच गर्दी. पुढे शेतं, मग साग, आणि मग पठार एकदम संपतं.

जाम दरवाजा अहिल्यादेवींनी बांधवला. १७६७ मध्ये त्यांनी राजधानी महेश्वरला नेली. माळव्याचं पठार उतरून निमाडात जाणाऱ्या वाटेच्या तोंडावर हा दगडी दरवाजा उभा आहे. वरच्या मजल्यावर गेलं की खाली डोंगरांच्या सोंडा आणि त्यापलीकडे धुरकट निमाड. सुट्टीच्या दिवशी अर्धं इंदूर इथे भुट्टे खायला येतं, त्यामुळे गाडी लावायला सपाट जागा मिळणं मुश्कील. आम्हाला उतारावर मिळाली.

दादाने हँडब्रेक ओढला, पूर्ण ओढला, आणि ब्रेकवरचा पाय काढला. जोंगा विचार केल्यासारखी क्षणभर थांबली आणि मागे निघाली. दादाने पाय परत दाबला. मी उतरून मागच्या चाकाखाली दगड सारला. (१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२६ सांगतं की ड्रायव्हर नसताना इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, नाहीतर गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा बंदोबस्त हवा. म्हणजे दगडही कायद्यात बसतो.) आत्या खाली उतरायला तयार होईना. "मी उतरले नि ही गेली तर?" असं म्हणत ती सीट धरून बसली. तिच्या वजनाने गाडी थांबून राहील हा तिचा हिशेब आम्ही खोडला नाही.

मी खाली वाकून पाहिलं. गाडीच्या पोटाखाली मधोमध एक छोटा ड्रम आहे, त्याच्या खालच्या कडेला काळं थेंबभर तेल लोंबत होतं. बोटाला लावून हुंगलं तर गिअर ऑइलचा तो उग्र गंधकी वास. फूटब्रेक झकास होता, घाट उतरता आला असता. पण तेल जातंय म्हटल्यावर दादाने गाडी वळवली.

महूत आमच्या ओळखीचे एक काका आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, हवालदार होते. पेन्शन घेऊन इथेच राहिले. महू १८१८ पासून छावणीचं गाव. मंदसोरच्या तहाने होळकरशाही इंग्रजांच्या पंखाखाली गेली, आणि त्याच वर्षी जॉन माल्कम या इंग्रज सेनाधिकाऱ्याने इथे छावणी वसवली. बाबासाहेबांचा जन्मही इथलाच, १८९१ चा. वडील फौजेत सुभेदार. अशा गावात जोंग्याचा डॉक्टर न मिळता तर नवल.

काकांनी आधी चहा दिला आणि मग विचारलं, "केबल आवळलीत का आधी?" दादा म्हणाला, हो, गेल्या महिन्यात गॅरेजवाल्याने आवळून दिली. काका हसले. "सगळे तेच करतात."

त्यांनी समजावलं ते असं. आपल्या साध्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. जोंग्यात तो चाकांवर नाहीच. गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस, तिच्या मागे, मागच्या चाकांकडे फिरत जाणाऱ्या दांड्यावर म्हणजे प्रोपेलर शाफ्टवर तो आहे. शाफ्टचे चारेक फेरे झाले की चाकाचा एक फेरा, म्हणून शाफ्टवर थोडक्यात धरलेलं चाकापर्यंत चौपट होऊन पोचतं आणि एवढासा ड्रम पुरतो. पण याच्या खोडीही आहेत. जॅकने मागचं एक चाक उचललंत की हँडब्रेक संपला. दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गाडी घेऊन पुढे जातं. दुसरी खोड अशी की ट्रान्सफर केसच्या बाहेरच्या टोकाचं ऑइल सील गेलं तर तेल सरळ ड्रममध्ये. मग केबल कितीही ताणा, ड्रमला आतून दाबणारे शू तेलावरच घसरणार.

उघडून पाहिलं. चारही चाकांना ठोकळे लावले, शाफ्टच्या फ्लँजवर छिन्नीने खूण केली, म्हणजे परत त्याच जागी बसेल. बोल्ट काढून शाफ्ट बाजूला केला आणि ड्रम ओढला. शूंवरचे लायनर, म्हणजे घासणारं अस्तर, तुपातून काढलेल्या बाफल्यासारखे (माळव्यातली बट्टी) निथळत होते. मी हवा मारायला गेलो तर काकांनी हात धरला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असतं, भुकटी फुप्फुसात जाते. ओल्या फडक्यानेच पुसायचं. दादा म्हणाला, लायनर पेट्रोलने धुऊन घेऊ या. तेही नाही. तेल आत मुरलेलं असतं, गरम झाले की परत वर येतं. ते गेलेच समजायचे.

सील काढल्यावर काकांनी फ्लँज उजेडात धरली आणि माझं नख तिच्यावरून फिरवलं. सीलच्या ओठाने वर्षानुवर्षं घासून गोल चर पाडली होती, नख अडकत होतं. नवं सील जुन्याच खोलीवर बसवलं तर ओठ त्याच चरीत पडणार आणि गळती चालूच. काकांनी ते किंचित बाहेर ठेवून बसवलं, म्हणजे ओठाला कोरी जागा मिळाली. मग त्यांनी सायकलची तार घेऊन ट्रान्सफर केसचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, टोचला. चिखलाने गच्च बसलेला. तेल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट नसली की ती सीलमधून तेल ढकलते. खरा चोर हाच, सील नुसतं त्याच्या तावडीत सापडलं होतं.

शूंना नवे लायनर बाजारातून रिबिट मारून आणले. रिबिटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागाच्या आत बसलंय ना, हे काकांनी प्रत्येक रिबिटवर बोट फिरवून पाहिलं. आणि मग अ‍ॅडजस्टमेंट, जिचा क्रम गॅरेजवाले हटकून उलटा करतात. आधी केबल पूर्ण सैल. मग ड्रमजवळचा अ‍ॅडजस्टर फिरवून शू ड्रमला टेकवायचे आणि ड्रम हाताने मोकळा फिरेल इतके मागे घ्यायचे. सगळ्यात शेवटी केबलचा ढिलेपणा काढायचा. उलट केलं तर शू कायम अर्धवट घासत राहतात, तापतात, आणि लिव्हरची ओढ वाया जाते.

"आणि चालत्या गाडीत ओढू नका," काका दादाला म्हणाले, "सगळा झटका शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला बसतो. धरल्यावर गाडी वीतभर हलली तर घाबरू नका, तो गिअरांमधला खेळ आहे. फारच उतार असला तर फोर-व्हील घाला, पुढची चाकंही धरतील."

घाट नंतर छान उतरला. वळणं अंगावर येतात, पण सेकंड गिअरमध्ये जोंगा गुरगुरत उतरते. खाली उतरताच हवा गरम होते, कपाशी दिसू लागते, मंडलेश्वर जातं आणि महेश्वर येतं. नदीच्या पायऱ्या, किल्ल्याची भिंत, विणकरांच्या मागांची खटखट, सगळं फोटोत असतं तसंच, त्यावर मी आणखी काय लिहू. आत्याने स्नान केलं, दोन साड्या घेतल्या आणि भाव करताना दुकानदाराला रडवेलं केलं.

किल्ल्याकडच्या चढावर गाडी नाक वर करून लावली, नंतर मुद्दाम वळवून नाक खाली करून. दोन्ही वेळा धरली. तरी आत्याने दगड लावायला लावलाच. परतीच्या चढावर मधेच थांबून दादाने हँडब्रेकवर गाडी उचलूनही दाखवली, मागे इंचभर न सरकता. मात्र पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने ग्रीस बाहेर येताना दिसतंय, आणि आत्याने पुढच्या महिन्यात ओंकारेश्वर ठरवलंय. काकांना फोन केला. म्हणाले, आधी घेऊन या, चहा तयार ठेवतो.