दोन पॅच चांगले होते म्हणे

"सोडतोय रे प्रोजेक्ट. एकाचा मेल आलाय, मी सांभाळतो म्हणून. देऊन टाकतो त्याला."

"ओळखतोस?"

"छे! पण दोन पॅच चांगले पाठवलेत त्याने."

पॅच म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या. सगळ्यांसाठी खुला, फुकट सॉफ्टवेअर प्रोजेक्ट एकट्याने चालवणाऱ्या मित्राचं हे वाक्य सकाळपासून डोक्यात घोळतंय. 2018 मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम' ही जावास्क्रिप्ट भाषेतली लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) अशीच एका अनोळखी माणसाच्या हाती गेली. त्याने बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड घुसवला. मूळ मेंटेनरला, म्हणजे ती सांभाळणाऱ्याला, दोष तरी काय द्यायचा? फुकटात किती वर्षं राबायचं माणसाने?

त्याच वर्षी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा निर्माता गुइडो व्हॅन रॉसम तिच्या नेतृत्वावरून पायउतार झाला. वारस नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाला. पुढच्या वर्षी पाच जणांची समिती निवडून आली. पण त्याच्यामागे मोठा गोतावळा होता. माझा मित्र पडला एकटा.

मग प्रोजेक्ट सरळ आर्काइव्ह करून टाकायला, म्हणजे काम थांबवून फक्त बघण्यापुरता ठेवायला, आपल्याला एवढं जड का जातं?