बूच शाबूत असेल तरच घ्या: कारंजा ते परतवाडा, जुन्या अत्तरकुप्यांचा फेरा

वऱ्हाडात जुन्या अत्तरकुप्या शोधायच्या तर शकुंतला रेल्वेचा नकाशा हातात घ्यावा. यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गांवरून कापूस मुंबईकडे गेला. त्याच पैशातून कोलन वॉटर, कट ग्लासच्या कुप्या आणि गुलाबदाण्या इथल्या वाड्यांत आल्या. त्या गाड्या आता बंद आहेत, त्यामुळे फेरा एसटीनं केला. मुंबई–नागपूर मार्गावर मूर्तिजापूरला उतरून पहिला दिवस कारंजा, दुसरा दिवस दर्यापूर–अंजनगाव करत परतवाडा, तिसरा दिवस अचलपूर. दोन दिवसांत उरकायला जाऊ नका, कारण वस्तू बघण्यापेक्षा माळ्यावरून खाली येण्याची वाट बघण्यातच जास्त वेळ जातो.

जुना माल वर्षातून दोनदा बाहेर पडतो. दिवाळीच्या साफसफाईत, आणि पावसाळ्याआधी पडके वाडे उतरवतात तेव्हा. उन्हाळ्यात माल जास्त मिळतो, पण तापलेल्या गाडीत कुपीतलं उरलेलं तेल प्रसरण पावतं आणि अडकलेल्या बुचासकट मान तडकते. म्हणून दसरा ते दिवाळी हाच काळ बरा.

सोबत सराफाचं १० पट दाखवणारं भिंग, छोटी बॅटरी, अतिनील टॉर्च, जुन्या सुती धोतराचे तुकडे, पेन्सिल आणि सुट्ट्या नोटा एवढं ठेवा.

कारंज्याला सुगंधाचा इतिहास तोंडोतोंडी आहे. लेकुर संघई या सावकारानं उंटांवरून आलेली कस्तुरी विकत घेऊन हवेलीच्या चुन्यात कालवली, ही कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट गावात कोणीही सांगेल. प्रत्यक्ष शोध मात्र भांड्यांच्या दुकानांत घ्यायचा. पितळी गुलाबदाण्या आणि अत्तरदाण्या इथं मोडीत येतात, वजनावर घेतल्या जातात आणि भट्टीत जातात. दुकानदाराला "अँटिक आहे का?" असं विचारू नका, त्या शब्दानं भाव तरी चढतो नाहीतर नकार तरी येतो. "काकाजी, मोडीत अत्तरदाणी आली काय जी?" एवढं पुरतं. मोडीच्या भावावर थोडं जास्त देऊ केलं तर पुढच्या वेळी वस्तू बाजूला काढून ठेवतात, आणि हे सगळ्यांत मोलाचं आहे. पांढऱ्या धातूची अत्तरदाणी चांदीची म्हणून दाखवली तर कसावर बघितल्याशिवाय घेऊ नका. बहुतेक वेळा ती जर्मन सिल्व्हर निघते, आणि त्यात चांदीचा कणही नसतो.

परतवाडा आणि अचलपूर ही जोडगावं, पण माल वेगळा. परतवाडा ही ब्रिटिश काळातली छावणी, म्हणून तिथं विलायती बाटल्या. अचलपूर हे वऱ्हाडच्या इमादशाहीचं जुनं शहर, तिथं दर्ग्याच्या वाटेवर अत्तरवाले आणि जुन्या घरांत अत्तराच्या कुप्या. परतवाड्यात जुनं सागवान विकणाऱ्यांकडे आधी जा. वाडा उतरवताना दारं-खिडक्यांबरोबर कोनाड्यातली, फडताळातली किडूकमिडूक त्यांच्याच माणसांच्या हाती लागते, आणि कुपीपासून बूच वेगळं होण्याआधी ती बघायला मिळते.

बुचाचंच महत्त्व सगळ्यांत जास्त. घासून बसवलेलं काचेचं बूच त्या एकाच कुपीचं असतं, दुसऱ्या कुपीला ते नीट बसत नाही. तपासणी अशी: बूच बसवा, दोन बोटांनी हलकेच डोलवा. टकटक आवाज आला तर ते परकं. मग बाहेर काढून भिंगातून बघा. घासलेला पट्टा बुचावर जेवढा उंच तेवढाच मानेच्या आत असायला हवा. चांगल्या विलायती कुप्यांत बुचावर आणि मानेवर किंवा तळाशी एकच बारीक आकडा कोरलेला असतो. आकडे जुळले तर डोळे मिटून घ्या. बुचाला खाली काचेची काडी असेल तर तिचं टोक तळाच्या थोडं वर थांबलं पाहिजे. काडी अर्ध्यातच संपत असेल तर टोकाला बॅटरी लावा: गोल, गुळगुळीत टोक असेल तर बूच बहुधा दुसऱ्या कुपीचं, धारदार असेल तर काडी मोडलेली.

वय ओळखायला साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथं काचेवर उमटलेली रेघ, बघा. ती मानेवर, ओठाच्या खालीच विरली असेल तर ओठ हातानं घडवलेला. ओठावरून थेट पार गेली असेल तर बाटली यंत्राची. बाटल्या करणारं ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ चं, त्यामुळे अशी बाटली त्याआधीची म्हणून कोणी विकत असेल तर पुढं चला. तळावर ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असा आम्लानं कोरलेला पुसट शिक्का असेल तर ती १९१८ नंतरचीच. गडद निळी, रुपेरी लेबलाची ‘इव्हिनिंग इन पॅरिस’ बऱ्याच घरांत निघते. ते अत्तर १९२८ मध्ये आलं आणि पुढं कितीतरी वर्षं विकलं गेलं, तेव्हा बाटली १९२८ च्या आधीची नाही एवढंच समजा, नंतरची कधीचीही असू शकते. ‘४७११’ या जर्मन कोलनच्या बाटलीचा घाट १८२० पासूनचा आहे, म्हणून नुसत्या घाटावरून तिचं वय सांगता येत नाही, लेबल आणि शिवण बघावी लागते.

खोटं म्हातारपण तळावर उघडं पडतं. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या कुपीच्या तळाला जिथं टेकते तिथंच, वेड्यावाकड्या दिशांनी बारीक ओरखडे असतात. पॉलिश कागदानं मुद्दाम घासलेली असेल तर ओरखडे एकाच दिशेनं आणि सगळीकडे सारखे दिसतात. उन्हाच्या कोनाड्यात राहिलेल्या काही कुप्यांना फिकट जांभळी झाक येते. ती काचेतल्या मँगनीजमुळे येते आणि खरी असते. गर्द वांग्याच्या रंगाची मिळाली तर संशय घ्या. अतिनील टॉर्चखाली हिरवीगार चमकणारी काच युरेनियमची. ती सापडली की खुशाल घ्या, कपाटात ठेवायला धोका नाही.

आता सगळ्यांत मोठी चूक: मिळाली की लगेच नळाखाली धरणं. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर हा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. तिथलं पाणी वाळलं की आत पांढरी कड धरते. शिवाय कागदी लेबल आणि सोनेरी नक्षी पाण्यानं जाते. घरी आणून असं करा:

बूच अडकलं असेल तर सांध्यावर ग्लिसरीनचे २ थेंब, २४ तास उभी ठेवा. मग मानेभोवती कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं गुंडाळा. मान किंचित फुगते, बूच थंड राहतं. लाकडी चमच्याच्या दांड्यानं बुचाला दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं हलक्या टिचक्या मारा आणि मानेजवळ धरून फिरवा, ओढू नका. ओढलं की मान खांद्यातून तुटते. नाही निघालं तर चार दिवस हेच करा. उकळतं पाणी नको, आणि आत द्रव असेल तर गरम फडकंही नको.

आतला तपकिरी चिकटा म्हणजे वाळलेलं अत्तराचं तेल. ते पाण्यानं हलत नाही. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट चमचाभर टाकून १५ मिनिटं ठेवा, हलवा, ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत नव्हे, स्पिरिट स्वच्छ येईपर्यंत. मग कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि चिमूटभर तांदळाची कणी घालून हलकेच फिरवा. वाळू टाकली की काच कायमची धुरकट होते. पांढऱ्या कडेला २०० मिली पाण्यात १ चमचा लिंबूसत्व घालून रात्रभर भरून ठेवा. सकाळी पांढरेपणा गेला तर तो क्षार होता. ओली असताना निर्मळ आणि वाळल्यावर पुन्हा पांढरी दिसली तर काचच झिजली आहे. ती घरी साफ होत नाही, आणि भाव करतानाच हे गृहीत धरायला हवं. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरनं, आणि बूच बाजूला ठेवून दोन दिवस पालथी वाळवा.

एसटीत कुपी आणि बूच वेगवेगळं गुंडाळा, पण एकाच पिशवीत, पेन्सिलीनं गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाकून. पिशवी वरच्या रॅकवर नको, मांडीवर. आणि १०० वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते: घरी जपा, पण परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणून पाठवू नका, आणि तिचा व्यापार करायचा तर आधी परवाना काढा.