ऐन की अर्जुन?

गोदावरीच्या काठाने सकाळी फिरायला जाताना जे उंच, पांढुरक्या खोडाचे झाड मला नेहमी भेटते, त्याला मी कित्येक वर्षे ऐन म्हणत होतो. ते ऐन नसून अर्जुन आहे, हे मला हरसूलकडच्या एका बांधावर, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपे टाकायची जमीन भाजण्यासाठी, तोडून रचलेल्या फांद्यांच्या ढिगाजवळ उभा असताना कळले. त्या फांद्या ऐनाच्या होत्या आणि ज्या झाडावरून त्या उतरवल्या होत्या, त्याच्या खोडाचे माझ्या ओळखीच्या खोडाशी काडीचेही साम्य नव्हते.

घोटाळा होण्याला कारणही आहे. दोन्ही झाडे हिरडा-बेहड्याच्याच गोतातली, दोघांचीही पाने लांबट, आणि फळांना पाच-पाच पंख. त्यात नावांचा गोंधळ वेगळाच, कारण ऐनाला सादडा म्हणणारे लोक अर्जुनालाही अर्जुनसादडा म्हणतात.

साल पाहिली की मात्र शंका उरत नाही. ऐनाची साल काळपट असून तिला उभ्या खोल भेगा आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या चिरा पडतात, त्यामुळे चौकोनी खवल्यांचे ते खोड थेट मगरीच्या पाठीसारखे दिसते. अर्जुनाचे खोड गुळगुळीत, राखाडी-पांढरे, कुठे हिरवट तर कुठे गुलाबी झाक असलेले असते, आणि त्याच्या सालीचे पातळ पापुद्रे सुटून पडतात.

अडचण येते ती कोवळ्या झाडाची, कारण त्या वयात ऐनाच्या सालीला अजून भेगा पडलेल्या नसतात. बांधावरच्या बाबांनी ढिगातली एक डहाळी उचलली, पान उलटे केले आणि "हे बघा, इथे हात लावा," एवढेच म्हणाले. पानाच्या पाठीमागे, मधल्या शिरेवर, देठापासून किंचित वर मोहरीएवढ्या दोन गाठी बोटाला लागल्या. भिंगातून पाहिल्यावर त्या बारीक देठावर बसवलेल्या वाट्यांसारख्या दिसल्या. अर्जुनाच्या पानालाही अशा ग्रंथी असतात, पण त्या पान देठाला जिथे मिळते तिथेच, देठाच्या टोकाशी असतात.

फळ हाती लागले तर त्याचे पंख उजेडात धरून पाहावेत. ऐनाचे पंख रुंद आणि कागदी असतात व त्यांवरच्या बारीक रेषा मधल्या कण्यापासून कडेपर्यंत सरळ आडव्या जातात, तर अर्जुनाच्या अरुंद, चिवट पंखांवर त्याच रेषा वर वळलेल्या असतात. मला ही खूण सर्वांत आवडते, कारण झाड पार उंच असले तरी फळे खाली पडलेली सापडतात.

परतल्यावर मी पहिल्यांदा अंगणातल्या कुंडीकडे गेलो. दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून "ऐन" म्हणून आणलेल्या त्या रोपाचे पान उलटून पाहिले, तर दोन्ही गाठी देठाच्या टोकाशीच होत्या.