पास आऊट

भाचीचा नवरा इंग्लंडचा, दोघं राहतात लीड्सला. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागला की त्याला इकडचं काहीतरी विचारायचं असतं. परवा म्हणाला, माउशी, तुमची आणि काकांची ओळख कुठे झाली? मी ऐटीत इंग्रजीतच सांगितलं, एकाच कॉलेजात. ते १९८२ साली पास आऊट झाले, मी १९८३ साली. त्याचा चेहरा उतरला. जरा थांबून फार काळजीने त्याने विचारलं, "उन्हामुळे का?"

मागे भाचीची हसून हसून मुरकुंडी वळली.

कॉल संपल्यावर भांडी तशीच ठेवून शब्दकोश काढला. पास आऊट म्हणजे घेरी येणं, शुद्ध हरपणं. हे बरं! म्हणजे गेली चाळीस वर्षं, बँकेच्या मुलाखतीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत, मी जिथे तिथे घेरी आल्याचं सांगत होते. पुढे ब्रिटिश वापर म्हणून आणखी एक अर्थ सापडला, लष्करी शिक्षण पुरं करून बाहेर पडणं. तेव्हा कुठे हायसं वाटलं. पुण्याच्या माणसाला खडकवासला शिकवायला नको. तिथल्या प्रबोधिनीत तीन वर्षं घाम गाळायचा, मग ती पासिंग आऊट परेड, शेवटी संथ पावलं टाकत 'अंतिम पग'. आम्ही बीकॉमवाल्यांनी कवायत तेवढी वगळली आणि शब्द उचलला, असं आपलं माझं मत.

शिवाय आपण मराठीत कॉलेजातून 'बाहेर पडतो'च. त्या 'बाहेर'वर 'आऊट' काय चपखल बसलं! नुसतं पास झालो म्हटलं तर मार्कांचा वास येतो. पास आऊट म्हटलं की मागे फाटक लागल्याचा आवाज येतो.

इंग्रजीची ही खोडच. क्रियापद गरीब गाईसारखं, पण शेपूट बदललं की शिंगं उगारतं. अर्थात आपणही काही कमी नाही. गेल्या डिसेंबरात हा जावई इथे जेवायला होता. उरलेली अर्धी पुरणपोळी बघून मी म्हटलं, अरे, खाऊन टाक. 'टाक'चा अर्थ त्याला पाठ होता. बिचारा कचऱ्याचा डबा शोधायला लागला.

पण खरं सांगायचं तर मी एकदा त्याच्या अर्थानेही पास आऊट झालेली आहे. सातवीत, ऑक्टोबरच्या उन्हात, कवायतीच्या तासाला. डबा खाल्ला नव्हता, कारण डब्यात दोडका होता. सावधान, विश्राम, सावधान. आणि मग सरांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी बुक्कीने फोडलेला कांदा होता आणि डोळ्यांसमोर कुणाचे तरी खडू फासलेले कॅनव्हासचे बूट. एका बुटाची नाडी सुटलेली होती. बाकी मैदान, बाई, शिपाईमामा सगळं पुसट झालंय. ती नाडी मात्र अजून दिसते. 'कांदा' म्हणून मुलांनी वर्षभर चिडवलं. ह्यांना लग्नानंतर सांगितलं, तर भाजी चिरताना मुद्दाम माझ्या नाकाशी कांदा धरायचे.

एक वर्ष पुढे असण्याचं फार कौतुक होतं ह्यांना. त्यांच्या जुन्या नोट्स मी वापरायचे, समासात स्वतःच्याच विनोदांसह. नोकरी आधी, निवृत्ती आधी, चष्मासुद्धा आधी. तीन वर्षांपूर्वी तेही आधी. तेव्हा लीड्सहून ह्याच मुलाचा दोन ओळींचा निरोप आला होता. त्यात पास होतं आणि पुढे अवे होतं. आम्ही आपलं 'गेले' म्हणत होतो.

शब्दकोशात अवे आधी आणि आऊट बरंच खाली. बोट वरून खाली नेताना ते वाटेत लागतंच.

भांडी घासून झाल्यावर जावयाला निरोप पाठवला, की हो रे, ऊनच होतं.